जुनं विमान उडतं ठेवणं : हवाई दलाच्या 'व्हिंटेज फ्लाइट'ची वाटचाल

2021च्या प्रजासत्ताक दिनी राफेल विमानं राजपथावरून पहिल्यांदा झेपावली आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी त्यांनाच मथळे दिले. त्याच सकाळी त्याच आकाशातून 1940च्या दशकातलं एक डाकोटा विमानही गेलं. दोन्ही बाजूंना दोन एमआय-17 हेलिकॉप्टरं होती आणि रचनेचं नाव होतं 'रुद्र'. हेलिकॉप्टरांना साथ देता येईल इतका बेताचा डाकोटाचा वेग. 1971च्या युद्धाला पन्नास वर्षं होत असल्याची ती सलामी होती. पुढच्या वर्षी, आणि पुन्हा 2024 साली, तेच डाकोटा दोन डॉर्निअर विमानांना घेऊन 'टांगाइल' या नावाने उडालं. 11 डिसेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानातल्या टांगाइलजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांची पलटण उतरवली गेली होती. त्या कामगिरीतल्या विमानांत डाकोटाही होती.

हे विमान दिल्लीजवळच्या हिंडन तळावर राहतं. टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा ही तिथल्या जुन्या ताफ्यातली ठळक नावं. 'व्हिंटेज फ्लाइट' हे या तुकडीचं नाव. शत्रूशी लढणं किंवा रसद पोहोचवणं यांपैकी काहीही तिच्याकडे नाही. हवाई दलाचा जुना काळ उडता ठेवणं एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं वाटणाऱ्या या कामात आपल्या देशाला बरीच दशकं यश आलं नव्हतं, म्हणून ही वाटचाल सविस्तर सांगण्याजोगी आहे.

किनाऱ्यावरची गस्त

सुरुवात कोकणच्या किनाऱ्यापासून करू. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग दिसतात. 1679 साली शिवरायांनी खांदेरीचं बांधकाम हाती घेतलं, तेव्हा मुंबईचे इंग्रज इतके अस्वस्थ झाले की याच पाण्यात आरमारी लढाई झाली. खांदेरीवरचा दीपस्तंभ 1867चा. मुंबई बंदराकडे दक्षिणेकडून येणारी जहाजं तेव्हापासून त्याच्या खुणेने वाट काढत आली. जुलै 2025मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरी जागतिक वारसा यादीत गेली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा या जलमार्गावर आकाशातून नजर ठेवण्याची गरज पडली. भारतीय हवाई दल तेव्हा अगदी लहान होतं. 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापना झालेली आणि पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 रोजी कराचीत उभी राहिलेली. त्यामुळे स्वयंसेवक राखीव दलातून मद्रास, मुंबई, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम अशा सहा ठिकाणी किनारा संरक्षण तुकड्या उभारल्या गेल्या. मुंबईची दुसऱ्या क्रमांकाची तुकडी जुहूवर होती. फ्लाइंग क्लबांत शिकलेली आणि नागरी विमानं चालवणारी माणसं गणवेश घालून या कामाला लागली. हाताशी होती ती वापिटीसारखी विमानं : दोन पंखांची, एका इंजिनाची, वरून उघडी, आधीच कालबाह्य झालेली. इंजिन समुद्रावर बंद पडलं तर खाली पाणीच. 1942 सरता सरता या तुकड्या मोडून त्यांची माणसं इतर तुकड्यांत सामावली गेली.

खांदेरीचा दगड साडेतीनशे वर्षं लाटा खात जागेवर आहे. त्याच पाण्याच्या रक्षणासाठी उडालेल्या विमानांचं तसं झालं नाही. जगात आज एकच वापिटी शाबूत आहे आणि ते दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. उडणारं वापिटी कुठेच नाही. विमान ही वस्तू मुळातच अल्पायुषी. ते लढाईतून वाचलं तरी पुढच्या पाच-दहा वर्षांत नवं विमान येतं आणि जुनं भंगारात जातं.

भंगारातून आकाशात

भंगारातून विमान परत उडवण्याची कला मात्र भारताला फार लवकर अवगत झाली होती आणि तिच्या मुळाशी एक सोलापूरकर आहे. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. ऑगस्ट 1941मध्ये तिथे जुळवलेलं पहिलं हार्लो प्रशिक्षण विमान उडालं. युद्ध पूर्वेकडे पसरलं, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि 1943मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला. डाकोटांसह मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती तिथे होऊ लागली. विमान बनवायला निघालेला कारखाना युद्धात विमानं दुरुस्त करायला शिकला.

युद्ध संपल्यावर ही विद्या कामाला आली. कानपूरच्या तळावर ब्रिटिशांची लिबरेटर बाँबफेकी विमानं रांगेने पडली होती. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. 1948मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यांतून धड भाग निवडले आणि ती कशीबशी उडण्याजोगी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी तशाच अवस्थेत एकेक करून ती बंगळूरला नेली. तिथे पूर्ण डागडुजी होऊन चाळीसेक लिबरेटर भारतीय हवाई दलात दाखल झाली. पुढे सहाव्या तुकडीने पुण्याहून ही विमानं अरबी समुद्रावर गस्तीला नेली. किनारा संरक्षण तुकड्या मोडल्यानंतर दहाएक वर्षांनी कोकणापलीकडच्या समुद्रावर पुन्हा नजर राहिली, ती चार इंजिनांच्या या अवजड विमानांची. 1968च्या अखेरीस भारताने लिबरेटर निवृत्त केली. तोवर जगात इतर जवळजवळ सगळीकडे ती भंगारात गेली होती.

पुढे जगभरची संग्रहालयं लिबरेटर शोधत भारताच्या दारात आली. एक विमान ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात गेलं, काही उत्तर अमेरिकेत. एचई-771 क्रमांकाचं विमान 1980च्या दशकात ब्रिटनमार्गे अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोहोचलं. 1989मध्ये ते पुन्हा उडालं आणि पुढची तीस वर्षं गावोगावच्या विमान मेळाव्यांत फिरलं. पुढे बाजूला 'विचक्राफ्ट' हे नाव रंगवलेलं ते विमान पाहायला अमेरिकी लोक रांगा लावत. बाँबफेकी वैमानिकांची नातवंडं आत शिरून आजोबांची जागा पाहत. ते उडतं राहिलं होतं ते मुळात बंगळूरच्या कारागिरांमुळे. आपल्याकडे ती कथा कानपूर-बंगळूरच्या आठवणींत आणि इतिहासप्रेमींच्या पुस्तकांत राहिली.

ब्रिटनचं उदाहरण

स्वतःच्या युद्धकथा उडत्या ठेवायच्या म्हणजे काय, हे ब्रिटनने आधी दाखवलं. 1957मध्ये बिगिन हिल तळावर तीन स्पिटफायर आणि एक हरिकेन घेऊन एक ऐतिहासिक तुकडी उभी राहिली. तीच आज 'बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट' म्हणून ओळखली जाते आणि 1976पासून लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी तळावर आहे. तिच्यात स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर आणि डाकोटा आहेत. लढाऊ विमानं चालवणारे बहुतेक वैमानिक आपली नेहमीची नोकरी सांभाळून हे काम स्वेच्छेने करतात. तंत्रज्ञ मात्र पूर्णवेळ. तिच्या पी-7350 या स्पिटफायरने 1940ची प्रत्यक्ष लढाई पाहिली आहे.

वाटचाल सरळ झाली नाही. 20 सप्टेंबर 1959 रोजी लंडनवरची सलामी देताना एका स्पिटफायरचं इंजिन बंद पडलं. वैमानिकाने ते ब्रॉम्ली इथल्या क्रिकेटच्या मैदानात पोटावर उतरवलं. सामन्याची चहापानाची सुट्टी चालू होती म्हणून कोणाला इजा झाली नाही, यष्ट्या मात्र गेल्या. 1991मध्ये एका हरिकेनला अपघात होऊन ते जळालं, 1998 साली दुरुस्त होऊन परतलं. मे 2024मध्ये कॉनिंग्जबीजवळ स्पिटफायर कोसळून स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग यांचा मृत्यू झाला. अमेरिकेत नोव्हेंबर 2022मध्ये डॅलसच्या प्रदर्शनात दोन जुनी विमानं हवेत एकमेकांवर आदळून सहा जण गेले. अशा प्रत्येक वेळी प्रश्न विचारला जातो : इतकी दुर्मीळ विमानं उडवायची तरी कशाला, काचेआड ठेवली तर बिघडलं कुठे?

पालम ते हिंडन

भारतात याचं उत्तर बराच काळ 'काचेआड' असंच होतं. 1980च्या दशकात पालमला स्पिटफायरसारखं विमान अजून उडत्या अवस्थेत राखलेलं होतं. पण सुटे भाग संपत गेले, ती यंत्रं जाणणारी माणसं निवृत्त झाली आणि विमानं एकेक करून जमिनीवर स्थिरावली. काही काळ इतिहास उडवण्याची कल्पना पालमच्या संग्रहालयातच उभी राहिली.

वाट पुन्हा सुरू झाली ती 2012 साली. हवाई दलाच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, 8 ऑक्टोबरला, हिंडनवर टायगर मॉथ उडालं. जुन्या काळी देशातल्या वैमानिकांना पहिली भरारी देणारं हे दोन पंखांचं विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलं होतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी चौकटीचे पंख, वर रंगरोगणाने ताणून बसवलेलं कापड आणि सुमारे 130 अश्वशक्तीचं इंजिन असं त्याचं रूप. पुढे हार्वर्ड ताफ्यात आलं. नऊ सिलिंडरांच्या गोल इंजिनाच्या त्या प्रशिक्षण विमानाला भारतीय वैमानिकांच्या पिढ्या ओळखतात, कारण महायुद्धानंतरही बरीच वर्षं ते शिकवण्याच्या कामात होतं. 1947-48च्या काश्मीर संग्रामात तर ते प्रत्यक्ष लढाईतही उतरलं.

त्या संग्रामाशी मराठी माणसाचं एक नाव जोडलेलं आहे. हृषिकेश मुळगावकर यांना त्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालं आणि 1976 ते 1978 या काळात ते हवाई दलप्रमुख होते. पण त्या युद्धाची सर्वांत मोलाची सकाळ 27 ऑक्टोबर 1947ची, आणि ती डाकोटाची आहे. बाराव्या तुकडीच्या डाकोटांनी दिल्लीहून शीख पलटणीचे पहिले सैनिक श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवले. व्हीपी-905 हे त्यातलं अग्रभागी असलेलं विमान. त्या दिवशी हवाई दलाच्या आणि नागरी कंपन्यांच्या डाकोटांनी मिळून खेपांवर खेपा केल्या. नंतरच्या महिन्यांत त्याच जातीच्या विमानांनी वेढ्यातलं पुंछ तगवलं, आणि मे 1948मध्ये हवाई दलाचे मेहर सिंग आणि लष्कराचे थिमय्या लेहला उतरले. विमानाच्या एका जातीचं इतकं ऋण असलेला दुसरा देश शोधावा लागेल.

म्हणून राजीव चंद्रशेखर या उद्योजक-खासदाराने डाकोटा हवाई दलाला भेट देण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. प्रस्ताव आधी नाकारला गेला. नंतर गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर तो स्वीकारला गेला. भेट स्वीकारणंही सरकारी कारभारात सोपं नसतं. विमान फुकट मिळतं, पण त्याच्या देखभालीचा जन्मभराचा खर्च सरकारच्या पदरी येतो.

ब्रिटनमध्ये डागडुजी झालेल्या या डाकोटाला 'परशुराम' हे नाव आणि जुन्या विमानाचा व्हीपी-905 हा क्रमांक देण्यात आला. म्हणजे 1947ला श्रीनगरला गेलेलं तेच विमान हे नव्हे, त्याच्या वंशातलं त्याची आठवण वाहणारं विमान आहे. फेब्रुवारी 2018मध्ये भेटीचे कागद हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांना सोपवले गेले. 17 एप्रिल रोजी ते कॉव्हेंट्रीहून निघालं आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान असे टप्पे घेत सुमारे 4,800 सागरी मैल कापून 25 तारखेला जामनगरला उतरलं. 4 मे रोजी हिंडनवर त्याचं स्वागत झालं आणि त्याच वर्षीच्या 8 ऑक्टोबरला हवाई दल दिनाच्या सलामीत ते पहिल्यांदा दिसलं.

देखभालीचं गणित

थळच्या कोळीवाड्यात लाकडी होडीचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. ती वाळूवर फार दिवस उभी राहिली की फळ्या वाळतात, सांधे उघडतात आणि पुन्हा पाण्यात घातली की फटीतून पाणी शिरतं. जुन्या विमानाचंही असंच आहे. उडत नसलेल्या इंजिनातलं तेल खाली उतरतं, वरचे भाग कोरडे पडून गंजतात, रबरी सील ताठ होऊन चिरतात. म्हणून ठरावीक काळाने ते चालवून, तापवून, उडवून ठेवावं लागतं.

डाकोटाची दोन इंजिनं प्रत्येकी चौदा सिलिंडरांची आणि गोलाकार मांडणीची. रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल साचतं. सुरू करण्याआधी तंत्रज्ञ पंखा हाताने फिरवून ते साचलेलं तेल आहे का ते पाहतात, कारण तेल दाबता येत नाही आणि घाईने चावी दिली तर इंजिनाचे अवयव वाकतात. इंधनाचाही प्रश्न. आजची जेट विमानं रॉकेलजातीच्या इंधनावर चालतात, या इंजिनांना पेट्रोलजातीचं विमान इंधन लागतं. ते वेगळं मागवावं, वेगळं साठवावं लागतं.

माणसांचंही तसंच. आजचा वैमानिक पुढचं चाक असलेल्या विमानावर शिकतो. डाकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथ यांचं तिसरं टेकण शेपटीखाली असतं. जमिनीवर असताना वैमानिकाला नाकासमोर काहीच दिसत नाही आणि उतरताना पाय जरा ढिला पडला तर विमान गर्रकन फिरतं. टायगर मॉथला मूळच्या बांधणीत ब्रेकच नाहीत. हा हात बसायला पुस्तक पुरेसं नाही, शेजारी बसलेला जाणकार हवा. कापड ताणून रंगवणारा, गोल इंजिन ऐकून त्याची नाडी ओळखणारा, जुन्या नकाशांवरून भाग घडवणारा असा कारागीरही हवा. हिंडनच्या तुकडीकडे जपण्यासारखी सर्वांत नाजूक गोष्ट हीच आहे. विमान अडगळीत पडलं तर पन्नास वर्षांनीही कोणी बाहेर काढू शकेल, ही विद्या एका पिढीत तुटली की मग उरलेल्या विमानाचा उपयोग प्रदर्शनापुरताच.

मुंबईने काय गमावलं

या मुद्द्याचं उलटं उदाहरण आपल्याच बंदरात घडलं. 1961मध्ये नौदलात आलेली विक्रांत ही देशाची पहिली विमानवाहू नौका. 1971मध्ये तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. 1997मध्ये ती निवृत्त झाली, 2001पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2012मध्ये देखभाल न झाल्यामुळे लोकांसाठी बंद झाली. लिलावात ती साधारण 60 कोटींना गेली आणि 2014मध्ये भंगार झाली. तिच्या पोलादातला काही भाग वापरून बजाजने 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली, म्हणजे विक्रांत आज रस्त्यावर आहे. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे पाहता येतात, पण उभी.

विक्रांत इतकी मोठी नौका होती की तिला तरंगती ठेवणं कोणा एका खात्याच्या आवाक्यातलं नव्हतं, हे मान्य. तरी धडा तोच राहतो. संग्रहालय घोषित करून चालत नाही, दरवर्षीच्या देखभालीला कोणाचं तरी नाव आणि तरतूद हवी. हिंडनची तुकडी टिकली कारण ती हवाई दलाच्या रोजच्या कारभारात बसवली गेली. भेट, स्मृती आणि प्रदर्शन यांच्या मागे तंत्रज्ञांच्या पाळ्या, भागांची नोंदवही आणि उड्डाणांचे तास असतात, आणि हे सगळं रोजच्या कामातूनच चालतं.

पुढची यादी

आता पुढच्या विमानाची वेळ आली आहे. नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात वर्षानुवर्षं तयार झालेलं मिग-21 हे लढाऊ विमान 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झालं. 1963पासून हवाई दलात असलेल्या या विमानाने 1971चं युद्ध आणि कारगिल पाहिलं, आणि अपघातांमुळे वैमानिकांच्या अनेक घरांत दुःखही आणलं. त्यातलं एक तरी उडतं ठेवावं असं म्हणणारे आहेत. पण जेट विमान जुन्या पंख्याच्या विमानासारखं जपता येत नाही. इंजिनाच्या भागांचं आयुष्य तासांनी मोजलं जातं, बाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनातली स्फोटकं ठरावीक मुदतीने बदलावी लागतात, आणि ते बनवणारे कारखाने बंद होत जातात. तेव्हा काही मिग-21 जमिनीवर ठेवणंच शहाणपणाचं ठरेल. कोणतं विमान उडवायचं आणि कोणतं उभं ठेवायचं हे भावनेने ठरत नाही. हात, भाग आणि पैसा किती वर्षं पुरतील यावर ते ठरतं.

म्हणूनच ओझरच्या कामगारांनी विमानाचे भाग जोडताना शिकलेली कला, पुण्यातल्या लिबरेटर तुकडीच्या आठवणी, जुहूच्या गस्तीची कागदपत्रं आणि कोकणच्या समुद्रावर उडालेल्या माणसांची नावं नोंदवून ठेवणं हे विमान जतन करण्याइतकंच निकडीचं आहे. या नोंदींसाठी तळ लागत नाही, इंधन लागत नाही. माणसं हयात असताना त्यांना बोलतं करावं लागतं आणि ते काम कोणत्याही गावच्या वाचनालयाला करता येतं.